अंधुक दिवे आणि आपली जयणा

गेल्या माघातली गोष्ट. पैठणची वसुली आटोपून आम्ही उभयता छत्रपती संभाजीनगरला परतत होतो. सूर्यास्तापूर्वी घर गाठून चौविहार करायचा हा नेहमीचा नेम. परंतु त्या दिवशी एका दुकानात हिशेब लांबला आणि ढोरकीन मागे पडेपर्यंत सूर्य मावळला. पूर्ण काळोख नाही आणि पुरता उजेडही नाही, अशी ती वेळ होती. बिडकीनच्या अलीकडे उसाने भरलेली एक ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती. मागे ना लाल दिवा, ना चमकपट्टी. ती मला दिसली तेव्हा अंतर फारच थोडे उरले होते. वेग बेताचा होता आणि समोरून कोणी येत नव्हते, म्हणून गाडी वळवता आली. श्वास जागेवर आल्यावर सौभाग्यवतींनी विचारले, “अहो, दिवे लावलेत ना?” मी बटणाकडे पाहिले. दिवे लावलेलेच होते.

तो प्रश्न मला पुढे बरेच दिवस टोचत राहिला. गाडी आठ वर्षांची. तिचे ऑइल, टायर, विमा, पीयूसी सारे वेळच्या वेळी होत असे. पण दिवा पेटतो आहे म्हणजे तो दाखवतो आहे, असे मी गृहीत धरले होते. हेडलाइट एका रात्रीत मंदावत नाही. तो महिन्यामहिन्याने थोडा थोडा उतरत जातो आणि आपली नजर त्याला सरावत जाते. त्यामुळे दोष असून तो जाणवत नाही. आपल्या व्यापारी कुटुंबांतील कितीतरी गाड्या आणि टेम्पो आज याच स्थितीत रस्त्यावर असतील, या विचाराने हा लेखनप्रपंच.

किती अंतर दिसायला हवे?

प्रथम थोडे गणित पाहू. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो असे धरले, तर ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला सुमारे 35 मीटर लागतात. ताशी 80 च्या वेगाला हेच अंतर जवळजवळ 70 मीटर होते. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी 120 ची मर्यादा आहे. त्या वेगाला सुमारे 130 मीटर लागतात. आता दुसरी बाजू पाहा. गडद कपड्यांतला पादचारी चांगल्या स्थितीतल्या डिपरमध्येसुद्धा 50 मीटरच्या आसपासच नजरेत भरतो. म्हणजे दिवे उत्तम असतानाही रात्री ताशी 80 ने डिपरवर जाणारा चालक आपल्या उजेडाच्या पुढे धावत असतो. दिवे अंधुक असतील तर ताशी 50 सुद्धा अधिक ठरतात.

यात वयाचाही भाग आहे. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या तरुणाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. आपल्याकडे पेढीची गाडी बहुधा ज्येष्ठांच्या हाती असते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात असेल, चष्म्यावर ओरखडे असतील आणि पुढच्या काचेला आतून धुळीचा थर असेल, तर दिव्याने दिलेल्या उजेडातला आणखी काही वाटा तिथेच हरवतो.

माझी पहिली चूक

दुसऱ्याच दिवशी मी एका दुकानात गेलो. तिथे मला सांगण्यात आले, “साधे 60/55 चे बल्ब काढून टाका, 100/90 चे घाला. रात्रीचा दिवस होईल.” मी ते घातले. पंधरा दिवस खरोखर बरे वाटले. मग एके रात्री बॉनेटमधून जळकट वास आला. डावीकडचा होल्डर वितळून काळा पडला होता आणि वायरीचे वेष्टन कडक होऊन तडकले होते. थोडा आणखी उशीर झाला असता तर काय झाले असते, हे सांगण्याची गरज नाही.

नंतर एका स्नेह्यांच्या सांगण्यावरून मी एका बुजुर्ग ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. सारे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी बल्बला हात लावण्याआधी मीटर काढला. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजले, तर 13.9 व्होल्ट. दिवा पेटता ठेवून होल्डरच्या टोकांशी मोजले, तर 12.3. चाचा म्हणाले, “शेठजी, नळाला पाणी कमी येते म्हणून कोणी मोठी तोटी बसवतो का? आधी पाइप पाहायचा.”

त्यांच्या या एका वाक्यात दुरुस्तीचा सारा क्रम आला. बल्ब हा शेवटचा विचार. त्याआधी काच, वीज, रिफ्लेक्टर आणि दिशा तपासायची.

काच

पूर्वीच्या अॅम्बॅसडर, पद्मिनी या गाड्यांच्या दिव्यांना खरी काच असे. तिच्यावर दगड बसला की ती फुटे, पण ती पिवळी पडत नसे. आताच्या दिव्यांचे आवरण पॉलिकार्बोनेटचे असते. ते हलके आणि मजबूत असते. परंतु सूर्याच्या अतिनील किरणांपासून त्याला वाचवणारा बाहेरचा पातळ लेप काही वर्षांत झिजतो. मराठवाड्याच्या उन्हात गाडी दिवसभर दुकानासमोर उभी असेल, तर ही झीज लवकर होते. मग आवरण पिवळट, दुधाळ होते. अशा आवरणातून उजेड कमी तर जातोच, शिवाय तो विखुरतो. आपल्याला रस्ता दिसत नाही आणि समोरच्याचे डोळे मात्र दिपतात.

उपाय अवघड नाही. भोवतीच्या रंगाला चिकटपट्टी लावून, पाण्याचा वापर करीत आधी 800 किंवा 1000 क्रमांकाचा, मग 1500 चा आणि शेवटी 2000 किंवा 3000 चा पॉलिश पेपर फिरवायचा. त्यानंतर पॉलिश आणि सर्वांत शेवटी अतिनील किरण रोखणारा पारदर्शक लेप. हा शेवटचा लेप न दिल्यास काही महिन्यांतच आवरण पुन्हा पिवळे पडते. दंतमंजनाच्या पेस्टने घासण्याचा घरगुती उपाय तात्पुरती चमक देतो, एवढेच. आवरणाच्या आत पाण्याचे थेंब साठत असतील, तर बाहेरून कितीही घासून उपयोग नाही. तिथे जोड उघडला आहे असे समजावे आणि तो नीट बंद करून घ्यावा.

वीज

आता चाचांच्या मीटरकडे वळू. हॅलोजन बल्बला मिळणारा विजेचा दाब 10 टक्क्यांनी कमी झाला, तर त्याचा उजेड 10 टक्क्यांनी नव्हे, तर सुमारे 30 टक्क्यांनी कमी होतो. माझ्या गाडीत 1.6 व्होल्ट वाटेतच जिरत होते. म्हणजे उजेडाचा जवळजवळ तिसरा हिस्सा रस्त्यापर्यंत पोहोचण्याआधीच संपत होता. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर माल गोदामातून पुरा निघत होता, पण वाटेत तूट येत होती.

ही तूट कुठे येते? अर्थिंगच्या जोडाला गंज चढतो, कपलरच्या पिना हिरवट पडतात, फ्यूजचे पाय सैल होतात, बटणाचे आतले संपर्क झिजतात. काही जुन्या गाड्यांत दिव्याचा सारा विद्युतप्रवाह स्टेअरिंगजवळच्या बटणातूनच जातो. तिथे रिले आणि योग्य जाडीची वायर बसवली की फरक लगेच दिसतो. बॅटरी आणि होल्डर यांच्या मोजणीत अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक फरक आला, तर जोड साफ करून घ्यावेत. इंजिन चालू असताना बॅटरीवरच 13.5 व्होल्टपेक्षा कमी दिसत असेल, तर अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा तपासावा. दोनपैकी एकच दिवा मंद असेल, तर दोष बहुधा त्या बाजूच्या अर्थिंगमध्ये किंवा होल्डरमध्ये असतो.

100/90 च्या बल्बने माझा होल्डर का वितळला, तेही यातून उलगडते. 12 व्होल्टवर 60 वॉटचा बल्ब 5 अॅम्पियर प्रवाह घेतो, तर 100 वॉटचा 8 अॅम्पियरहून अधिक. जोड आधीच खराब असताना त्यातून अधिक प्रवाह नेला, की तूटही वाढते आणि ती सारी उष्णता होऊन होल्डरमध्ये साठते. जोड साफ करून, नवा होल्डर बसवून आणि पुन्हा साधे 60/55 चे बल्ब घालून चाचांनी गाडी माझ्या हाती दिली, तेव्हा माझ्या “रात्रीच्या दिवसा”हून तो उजेड मला अधिक भरवशाचा वाटला.

बल्ब निवडताना

युरोपात 1962 साली मोटारींसाठी पहिला हॅलोजन बल्ब आला. त्यात टंगस्टनच्या तारेभोवती हॅलोजन वायू असतो. तारेतून उडालेले टंगस्टन तो पुन्हा तारेकडे नेतो, म्हणून बल्बची काच साध्या बल्बसारखी लवकर काळी पडत नाही. तरीही तार हळूहळू झिजते आणि उजेड उतरतो. म्हणून बल्ब बदलताना दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. एक उडाला की दुसऱ्याचेही आयुष्य सरत आलेले असते.

खरेदीपूर्वी गाडीचे माहितीपुस्तक पाहून प्रकार निश्चित करावा. एच4 या बल्बमध्ये अप्पर आणि डिपर अशा दोन तारा असतात आणि तो 60/55 वॉटचा असतो. त्याचा प्रमाणित उजेड अप्परला सुमारे 1650 आणि डिपरला सुमारे 1000 ल्युमेन. एच7 मध्ये एकच तार असते, 55 वॉटची, सुमारे 1500 ल्युमेनची. तो ज्या गाड्यांत असतो तिथे अप्पर आणि डिपरचे बल्ब बहुधा वेगळे असतात. एच11, एचबी3 असे इतरही प्रकार आहेत. एकाच्या जागी दुसरा ठोकून बसवू नये. बल्बच्या बुडाशी निर्मात्याचे नाव, व्होल्ट, वॉट आणि वर्तुळातील ‘ई’ हे मान्यतेचे चिन्ह ठळक असावे. पुड्यावरची भाषा मोठी आणि बुडाशी काहीच छापलेले नाही, असा माल परत करावा. आपण स्वतः व्यापारी आहोत. नक्कल ओळखण्याची सवय इथेही वापरावी.

“शंभर टक्के अधिक उजेड” अशा जाहिरातीचे बल्ब नामांकित कंपन्याही बनवतात. त्यांत वॉट तेवढेच राखून तार अधिक तापवलेली आणि अधिक नेमकी बसवलेली असते. ते रस्त्यावर थोडा लांबचा झोत देतात, मात्र त्यांचे आयुष्य कमी असते. ज्यांना रात्रीचा प्रवास क्वचितच करावा लागतो त्यांनी ते घेण्यास हरकत नाही. रोज फिरणाऱ्या टेम्पोला साधे, टिकाऊ बल्बच बरे. निळसर काचेचे बल्ब दिसायला पांढरे शुभ्र वाटतात, पण निळा लेप उजेडाचा काही भाग अडवतो. शिवाय निळसर प्रकाशाकडे कीटक अधिक ओढले जातात. जीवदयेच्या दृष्टीनेही उबदार, पिवळसर उजेडच इष्ट म्हणावा लागेल.

बल्ब बसवताना काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा तापून त्या जागी काच कमजोर होते आणि बल्ब अकाली जातो. चुकून हात लागलाच, तर स्पिरिटच्या स्वच्छ कपड्याने पुसावा.

एलईडीचा मोह

सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न एलईडीचा. कारखान्यातूनच एलईडी दिवे घेऊन आलेली गाडी वेगळी आणि हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब खुपसलेली गाडी वेगळी. हेडलाइट म्हणजे नुसता बल्ब नव्हे. तार, रिफ्लेक्टर आणि भिंग यांचे एकमेकांशी मोजून जुळवलेले ते यंत्र आहे. आपल्या शहराला हे सांगायला नको. वाळूजमधून वाढलेल्या व्हेरॉक कंपनीने 2012 साली व्हिस्टिऑनचा जगभरातील वाहनदिव्यांचा व्यवसाय विकत घेतला होता; पुढे 2022 मध्ये युरोप-अमेरिकेतील चारचाकी दिव्यांचा व्यवसाय तिने विकला. एका दिव्याच्या रचनेमागे केवढे शास्त्र आणि केवढा उद्योग उभा असतो, याची ही आपल्या अंगणातली साक्ष.

हॅलोजनची तार काही मिलिमीटरची असते आणि सर्व बाजूंना सारखा प्रकाश फेकते. रिफ्लेक्टर तिच्याच जागेच्या आणि आकाराच्या हिशेबाने घडवलेला असतो. एलईडी बल्बमध्ये दोन सपाट बाजूंवर चकत्या असतात. त्यांचा प्रकाश त्या रिफ्लेक्टरमधून कुठेही सांडतो. गाडीच्या नाकासमोरचा रस्ता लख्ख होतो, त्यामुळे मालकाला समाधान वाटते. पण दूरचा रस्ता अंधारातच राहतो आणि समोरच्या दुचाकीस्वाराला काही क्षण काहीच दिसत नाही. कायदाही याला अनुकूल नाही. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 वाहनाच्या मूळ रचनेत अमान्य बदल करण्यास मनाई करते. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

रिफ्लेक्टर आणि दिशा

आवरण स्वच्छ, वीज पुरी, बल्ब नवा, तरी उजेड नाही, असे झाल्यास आतला रिफ्लेक्टर पाहावा. त्यावरचा चंदेरी मुलामा करपला किंवा सोलला असेल, तर कोणताही बल्ब उपयोगी नाही. पूर्ण दिवाच बदलावा लागतो. कंपनीच्या एलईडी दिव्याचे काही बिघडले, तर तेही अधिकृत केंद्रातच दाखवावे.

शेवटी दिशा. सपाट जागेवर, टायरमध्ये योग्य हवा भरून, चालकाला बसवून गाडी भिंतीपासून 10 मीटरवर उभी करावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने मांडावी. डिपरची वरची कडा त्या खुणेच्या 10 ते 15 सेंटिमीटर खाली पडली पाहिजे आणि डाव्या बाजूला ती किंचित वर चढलेली असावी, म्हणजे कडेने चालणारा दिसतो. डॅशबोर्डजवळ 0 ते 3 आकड्यांची छोटी चक्री असते, तिच्याकडे आपण कधी पाहतच नाही. डिकीत कापडाचे गठ्ठे किंवा मागे भरगच्च कुटुंब बसले, की गाडीचे नाक वर होते आणि झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. अशा वेळी ती चक्री फिरवून झोत खाली घ्यायचा असतो.

हे आपल्याला का सांगायचे?

कारण आपल्या रस्त्यांवर आपलेच पूज्य साधू-साध्वी पायी विहार करतात. सूर्योदयाच्या सुमारास रस्ता धूसर असतो, रात्रभर जागलेले चालक पेंगुळलेले असतात आणि विहारात वाहनांनी घडवलेल्या अपघातांच्या वार्ता आपल्याला वारंवार ऐकाव्या लागतात. श्वेतांबर साध्वींची शुभ्र वस्त्रे निदान दुरून चमकतात; दिगंबर मुनींच्या देहावर तर उजेड परतवणारे काहीच नसते. कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथांकडे निघालेले भाविक, नाथषष्ठीला पैठणकडे चाललेल्या दिंड्या, गळीत हंगामातल्या बैलगाड्या, हे सारे याच रस्त्यांवर असतात. विहारात सोबत चालणाऱ्या तरुणांनी चमकपट्टीची जाकिटे घालावीत हे योग्यच. पण ती पट्टीसुद्धा समोरच्या गाडीचा दिवा चांगला असेल तरच चमकते.

साधूंची ईर्यासमिती म्हणजे पुढची चार हात भूमी पाहून पाऊल टाकणे. आपण श्रावक ताशी 80 किलोमीटरने जातो. आपल्याला निदान 70 मीटर तरी पाहूनच पुढे जायला हवे. अनर्थदंडात शास्त्रकारांनी प्रमादचर्या सांगितली आहे. हेतू हिंसेचा नसतानाही बेपर्वाईने जे घडते, त्याचा दोष ती सुटू देत नाही. आणखी एक गोष्ट. मालकाची गाडी नवी, दिवे लखलखीत आणि पेढीचा टेम्पो मात्र एकाच मंद दिव्यावर रात्री जालन्याच्या मोंढ्यातून माल घेऊन येतो, असे चित्र आपल्या घरांत दुर्मीळ नाही. चालक पगारी असतो, तो तक्रार करत नाही. परंतु कृत, कारित आणि अनुमोदना यांपैकी कारिताचा वाटा कोणाच्या खात्यावर पडतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

माझ्या दुरुस्तीचा हिशेबही सांगून टाकतो. जोड साफ करणे, नवे होल्डर, साध्या बल्बांची जोडी आणि आवरणाचे पॉलिश, एवढ्याला अर्धा दिवस लागला आणि खर्च गाडीच्या एका टायरपेक्षाही कमी आला. त्यानंतर पेढीच्या दोन्ही टेम्पोंचे दिवेही चाचांकडून मोजून घेतले. त्यांपैकी एकाचा उजवा दिवा माझ्या गाडीपेक्षाही वाईट अवस्थेत निघाला.

दसऱ्याला आपण वाहनांना झेंडूचे हार घालतो. या वर्षी हार घालण्याआधी घरातील आणि पेढीतील प्रत्येक वाहन संध्याकाळी एका भिंतीसमोर उभे करावे, दिवे लावावेत आणि चालकाला शेजारी घेऊन पाहावे. चौविहाराच्या घाईत कधी उशीर झालाच, तर वेग वाढवू नये. त्या दिवशी आम्ही घरी पोहोचलो तेव्हा अर्थातच रात्र झाली होती. सौभाग्यवतींनी मुकाट्याने ताटे झाकून ठेवली आणि आम्ही दोघांनी पाणीही न घेता नवकार म्हटला.